घरातलं गाणं आणि लाइनीतली वीज : प्रस्तावना

सोनगीरसारख्या गावात घरी चांगलं गाणं ऐकायचं असेल, तर ॲम्प्लिफायरच्या आधी व्होल्टमीटर घ्यावा, असं मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बहुतेकांना हे पटत नाही. त्यांनी स्पीकर मनात पक्का केलेला असतो. पुण्या-मुंबईच्या दुकानात तो ऐकलेला असतो आणि तिथं वाजला तसाच तो इथं वाजावा, एवढीच अपेक्षा असते. अपेक्षा रास्त आहे. पण त्या दुकानात जी वीज होती ती इथल्या भिंतीतल्या सॉकेटात नाही. स्पीकरमधून ऐकू येणारा प्रत्येक स्वर शेवटी त्या सॉकेटातल्या विजेतूनच घडतो. ध्वनिमुद्रणातला बारीकसा संदेश ॲम्प्लिफायरला फक्त आकार सांगतो. ताकद सगळी लाइनीतून येते. लाइन बिघडलेली असेल तर महागड्या यंत्रातूनही बिघाडच मोठा होऊन ऐकू येतो.

धुळ्याहून मुंबई–आग्रा रस्त्यानं उत्तरेला निघालं की साधारण २० किलोमीटरवर सोनगीर लागतं. वर किल्ला, खाली तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं, आणि फाट्यावरून दोंडाईचाकडे वळणारा रस्ता. आजूबाजूला कापूस, कांदा, गहू, हरभरा. जवळजवळ प्रत्येक विहिरीवर मोटर. खानदेशात विजेची निर्मिती कमी नाही. भुसावळजवळ दीपनगरला ५०० मेगावॉटचे संच आहेत, साक्रीच्या पठारावर पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत, धुळ्याजवळ ७६५ किलोव्होल्टचं उपकेंद्र आहे. तरीही श्रोत्याच्या दृष्टीनं प्रश्न सगळा शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा आहे, म्हणजे डीपीपासून घरापर्यंतच्या तारांचा.

११ किलोव्होल्टचा फीडर गावात येतो, डीपीवर त्याचे ४०० व्होल्टचे तीन फेज होतात, आणि एक फेज व एक न्यूट्रल मिळून आपल्या घरी २३० व्होल्ट पोचतात. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी कमी दाबाच्या ग्राहकासाठी यात वर-खाली ६ टक्क्यांची मुभा ठेवली होती. म्हणजे अंदाजे २१६ ते २४४ व्होल्ट. आता डीपीपासून ३०० मीटर दूरचं एखादं घर घ्या. तारेचा जाऊन-येऊन रोध ०.८ ओहम धरा. त्या तारेवरच्या घरांनी मिळून २५ अँपिअर ओढले की २० व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. पांझरा नदीच्या काठची पाणीवाटपाची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको: पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेताला आणि शेपटाकडच्या शेताला सारखं पाणी मिळायचं तर मध्ये कुणीतरी वाटणी सांभाळावी लागते. विजेच्या लाइनीवर ती वाटणी सांभाळणारा पाटकरी नाही.

रब्बीत मोटरी चालू असताना १८० व्होल्ट, आणि पावसाळ्यात मध्यरात्री सगळं बंद असताना २५५, असा झोका एकाच घरात बसू शकतो. यातलं कमी व्होल्टेज लोकांना दिसतं, कारण बल्ब मंदावतो, पंखा रेंगाळतो. जास्त व्होल्टेज दिसत नाही. उपकरणं मात्र त्यानंच मरतात.

दोन्हींचा हिशेब इथंच मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची जास्तीत जास्त ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३०चे १८० झाले की ती ६१ टक्क्यांवर येते. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण कानाला हा फरक जेमतेम २ डेसिबलचा आहे. गाणं हळू झालं असं कुणाला वाटणारही नाही. त्रास दुसरीकडे होतो. तबल्याची थाप किंवा सनईचा चढता स्वर जिथं शिखर गाठतो तिथं ते शिखर छाटलं जातं. त्याहून वाईट म्हणजे प्री-ॲम्पमधल्या ७८१५सारख्या रेग्युलेटरला काम करायला लागणारं दोन-तीन व्होल्टचं जास्तीचं अंतर उरत नाही. मग तो १०० हर्ट्झची लहर थेट आत सोडतो आणि रेकॉर्ड प्लेअरच्या मागे भणभण सुरू होते. लोक मग काडतूस बदलतात, केबल बदलतात. दोष लाइनीत असतो.

वरच्या बाजूला २६० व्होल्ट झाले की व्हॉल्व्हच्या ६.३ व्होल्टच्या तंतूला ७.१ मिळतात, म्हणजे १३ टक्के जास्त; व्हॉल्व्ह बनवणारे १० टक्क्यांच्या पुढे जायला मना करतात. आखातातून किंवा जपानमधून आणलेल्या यंत्रांची गत आणखी कठीण. १०० व्होल्टचा जपानी डेक २३०चे ११० करणाऱ्या डब्यावर लावला तर तो मुळातच १० टक्के वर चालतो. लाइन २५० झाली की त्याला १२० मिळतात. असे डेक का जळतात, याचं गूढ एवढंच आहे.

हा विषय मराठीत कधी नीट लिहिला गेला नाही, पण अनुभव जुना आहे. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्ह रेडिओ ज्यांच्या माळ्यावर अजून आहेत त्यांनी ते मागून पाहावेत. बहुतेकांना २००, २२०, २४५ असे आकडे लिहिलेली खुंटी किंवा चकती असते. गावात वीज कशी आहे ते पाहून दुकानदार ती खुंटी फिरवून द्यायचा. घरगुती व्होल्टेज नियमनाचं हे पहिलं रूप, आणि आजच्या अनेक यंत्रांपेक्षा प्रामाणिक, कारण ग्राहकाची लाइन वेगळी असू शकते हे त्यात गृहीत होतं. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं, पुढच्या दशकांत गावोगाव खांब पोचले, आणि विहिरीवरची मोटर व घरातला रेडिओ एकाच तारेवर आले. आकाशवाणी जळगावचा कार्यक्रम लागला असताना कुणीतरी मोटर सुरू करायचं, रेडिओत खर्रकन आवाज व्हायचा. ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा म्हणून या कटकटीतून सुटला होता.

स्टेबिलायझर हा शब्द घराघरात आणला तो फ्रीज आणि टीव्हीनं. कोच्चीची व्ही-गार्ड १९७७ साली स्टेबिलायझर बनवूनच सुरू झाली. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आले आणि त्यांच्याखाली काटा असलेला डबा ठेवण्याची रीत पडली. टेप डेक, टर्नटेबल, सोनोडाइन किंवा कॉस्मिकचा ॲम्प्लिफायर ज्यांच्याकडे होता त्यांनी त्याच डब्यावर तोही जोडला. ऑडिओसाठी वेगळा विचार करणारे फार थोडे होते. त्यात मंडपवाले आणि साऊंडवाले पुढे होते, कारण लग्नात ॲम्प्लिफायर बंद पडला तर वरमाय ऐकून घेत नाही. डिमरस्टॅट हातानं फिरवून, काट्यावर नजर ठेवून रात्रभर व्होल्टेज सांभाळणारी माणसं या भागात होती. त्यांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून या पुस्तकात त्यांच्या पद्धतींना मुद्दाम जागा दिली आहे.

२००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली, आणि त्याच काळात भारनियमनानं ग्रामीण महाराष्ट्राला ग्रासलं. मोटरी बंद ठेवून घरांपुरती वीज देणारं सिंगल फेजिंग आलं, गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याची योजना आली. ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं दुसऱ्या योजनेचा उपयोग मोठा होता: ज्या गावठाणाचा फीडर खरोखर वेगळा झाला, तिथं मोटरींचा झटका घरातून कमी झाला. मळ्यात राहणाऱ्यांना हे सुख मिळालं नाही. त्याच वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर बसले, आणि स्वस्तातले बहुतेक चौकोनी लहर देणारे होते. २३० व्होल्टच्या साइन लहरीचं शिखर ३२५ व्होल्टला असतं, शुद्ध चौकोनी लहरीचं २३०लाच. ॲम्प्लिफायरचे फिल्टर कपॅसिटर शिखरापर्यंत भरत असल्यामुळे अशा इन्व्हर्टरवर त्याचा आतला पुरवठा ७१ टक्क्यांवर येतो आणि ताकद निम्मी होते, शिवाय वर एक चिरकी भणभण. ऑडिओसाठी चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर वापरूच नये, हे मी ठामपणे सांगतो. साइन वेव्हचाच घ्यावा.

एक गोष्ट मात्र कुठलाही स्टेबिलायझर सुधारत नाही, ती म्हणजे फ्रिक्वेन्सी. सिंक्रोनस मोटरच्या टर्नटेबलचा वेग ५० हर्ट्झवर बांधलेला असतो. पश्चिम विभागाच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी एकेकाळी ४९च्याही खाली रेंगाळायची. ४९ हर्ट्झवर रेकॉर्ड २ टक्के हळू फिरते आणि सगळं गाणं अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं उतरतं. आपल्या संगीतशास्त्रातली प्रमाणश्रुती ८१:८० म्हणजे सव्वा टक्क्याची. ही घसरण तिच्याहून मोठी. सगळे स्वर मिळून उतरत असल्यामुळे राग मोडत नाही, पण रेकॉर्डबरोबर पेटी वाजवून शिकणाऱ्याला ती जाणवल्याशिवाय राहत नाही. २००२ साली पश्चिम विभागात वीजखरेदीच्या दराला फ्रिक्वेन्सीशी जोडणारी पद्धत आली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ७६५ किलोव्होल्ट वाहिनीनं दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं. आता फ्रिक्वेन्सी ५०च्या अगदी जवळ राहते. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांवर हा मोठा उपकार झाला, आणि त्याची दखल संगीताच्या बाजूनं फारशी कुणी घेतलेली मी वाचली नाही.

आता उपायांच्या पंथांकडे. जगभरात या विषयावर बरीच भांडणं आहेत. मुंबईतल्या मोठ्या वसाहतीत राहणाऱ्याला जो पंथ शोभतो तो सोनगीरला शोभेलच असं नाही.

सर्वांत जुना आणि स्वस्त पंथ रिलेच्या स्टेबिलायझरचा. आत एक ऑटोट्रान्सफॉर्मर, त्याला तीन-चार टॅप, आणि लाइन उतरली की टक् करून पुढचा टॅप. बाहेर येणारं व्होल्टेज ८-१० टक्क्यांच्या पट्ट्यात राहतं. फ्रीजला हे पुरतं. गाण्यात दोन अडचणी येतात: टॅप बदलताना क्षणभर तुटणारा पुरवठा, आणि तुमच्या गावी लाइन नेमकी टॅपच्या सीमेवर रेंगाळत असेल तर सारखी टकटक. तरी पैसे कमी असतील तर मी याला नावं ठेवणार नाही, फक्त क्षमता तिप्पट घ्यायला सांगेन.

सर्व्हो स्टेबिलायझर हा खानदेशासाठी माझ्या मते सर्वांत योग्य मधला मार्ग आहे. डिमरस्टॅट हातानं फिरवणाऱ्या साऊंडवाल्याचं काम इथं एक छोटी मोटर करते. बाहेरचं व्होल्टेज टक्का-दोन टक्क्यांत राहतं, लहर तुटत नाही, साइन वेव्ह बिघडत नाही. तो सावकाश सुधारतो, सेकंदाला काही व्होल्ट, त्यामुळे विजेच्या कडकडाटापासून किंवा अचानक झटक्यापासून तो वाचवत नाही. त्याचा कार्बन ब्रश झिजतो, आणि महामार्गाकाठच्या आमच्या धुळीत लवकर झिजतो. वर्षातून एकदा तो उघडून साफ करणारा माणूस जवळपास नसेल तर सर्व्हो घेऊ नये. विक्रेता ही अट सांगत नाही.

खरेदीचं एक साधं परिमाण इथं सांगून ठेवतो. डबा उचलून पाहा. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. तेवढाच प्रवाह तेवढ्याच नुकसानीत न्यायचा तर तारेचा छेद १.६ पट मोठा लागतो, आणि स्वस्त डब्यात तो तेवढा मोठा नसतो. तांबं वजनावर पारखणं सोनगीरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. ट्रान्सफॉर्मर घेतानाही तीच नजर वापरावी आणि वाइंडिंग तांब्याचं असल्याचं बिलावर लिहून घ्यावं.

फेरोरेझोनंट किंवा सीव्हीटी हा १९३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत जोसेफ सोला यांनी दिलेला प्रकार. यात हलणारा एकही भाग नाही. लोखंडी गाभा मुद्दाम संपृक्त ठेवून, कपॅसिटरशी जुळवून, बाहेरचं व्होल्टेज जागच्या जागी धरलं जातं, लाइनीचे झटके गिळले जातात. दूरध्वनी केंद्रं आणि संगणक कक्षांनी हे डबे पुष्कळ वापरले. ते तापतात, स्वतःच मोठ्यानं घुमतात, रिकामे असतानाही वीज खातात, आणि ॲम्प्लिफायरसारख्या शिखरावर खेचणाऱ्या भाराला त्यांची लहर चपटी पडते. प्री-ॲम्प, डॅक, टर्नटेबल यांच्यासाठी लहान सीव्हीटी ओसरीवर ठेवून तार आत आणणं मला पसंत आहे. मोठ्या पॉवर ॲम्प्लिफायरसाठी नाही.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाल्यांचा पंथ वेगळ्याच दुखण्यावर औषध देतो. तो व्होल्टेज सुधारत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्हींवरून एकत्र येणारा कचरा तोडतो. त्याचीच पुढची पायरी म्हणजे संतुलित पुरवठा, ११५-०-११५. अमेरिकेतल्या स्टुडिओंनी ही पद्धत गाजवली. तिच्यात प्लगचे दोन्ही पाय जिवंत राहतात आणि आपल्याकडचं एकेरी बटण फक्त एकच पाय तोडतं. दुहेरी स्विच आणि आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसलेल्या घरात हे करणं जिवावर बेतेल, म्हणून त्याची कृती या पुस्तकात दिलेली नाही.

फिल्टर किलोहर्ट्झच्या वरचा खवखवाट काढतो; ५० हर्ट्झच्या घुंकाराशी त्याचा संबंध नाही. हे कळलं तरी निम्मी खरेदी वाचते. शेवटचा पंथ पुनर्निर्मितीचा. लाइनीची वीज आधी डीसी करायची आणि आतल्या आत नवी ५० हर्ट्झची साइन लहर घडवायची. अमेरिकेतल्या पीएस ऑडिओनं हा विचार गाणं ऐकणाऱ्यांच्या घरात नेला. म्हणजे एका ॲम्प्लिफायरला वीज द्यायला दुसरा ॲम्प्लिफायर. आपल्याकडे तेच काम बऱ्याच अंशी चांगला ऑनलाइन यूपीएस करतो, फक्त त्याचा पंखा ऐकण्याच्या खोलीबाहेर ठेवावा लागतो आणि दर काही वर्षांनी बॅटरीचा खर्च येतो. जपानमध्ये तर काही शौकिनांनी घरासमोर स्वतःचा खांब आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर उभारून घेतला आहे. गाण्यासाठी डीपी वेगळी असावी ही त्यांची मूळ समजूत बरोबर आहे. पैसा मात्र प्रत्येकाकडे तसा नाही.

जाड, चकचकीत पॉवर केबल विकणाऱ्यांचाही एक पंथ आहे. डीपीपासून घरापर्यंत शेकडो मीटर ॲल्युमिनियमची तार आल्यावर शेवटच्या दीड मीटरला हजारो रुपये देण्यात मला काही अर्थ दिसत नाही. ते पैसे अर्थिंगला द्या.

हे सगळे पंथ एका धोक्यापुढे मात्र अपुरे आहेत, आणि गावात तोच धोका सर्वांत मोठा आहे: न्यूट्रल तुटणे. वादळात किंवा गंजलेल्या जोडावर न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची घरं ४०० व्होल्टमध्ये एकामागे एक जोडली जातात. ज्या बाजूला भार कमी, तिथं ३०० आणि त्याहून जास्त व्होल्ट चढतात. ३०० व्होल्टचं शिखर ४२४ व्होल्ट होतं, आणि ‘१००–२४०’ लिहिलेल्या बहुतेक अडॅप्टरमध्ये कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो. तो फुटतो. सर्ज प्रोटेक्टरच्या पट्टीत झिंक ऑक्साइडचा एमओव्ही असतो; तो मिलिसेकंदाच्या झटक्यासाठी आहे, मिनिटभर टिकणारं जादा व्होल्टेज त्यालाच जाळतं. यावर उपाय स्वस्त आहे: ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारा आणि परत आल्यावर काही मिनिटं थांबून जोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, बोर्डावरच. स्टेबिलायझरच्या आधी हा घ्यावा.

अर्थिंगबद्दल तळमळीनं लिहिलं आहे, कारण त्यात माणसाचा जीव असतो. तापीच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात मीठच पाइप खातं. घुंकार जावा म्हणून थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. असा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. घुंकार येतो तो बहुधा दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला भेटल्यामुळे, उदाहरणार्थ डिशच्या केबलमधून. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर आणली, डिशच्या तारेत आयसोलेटर घातला, की तो जातो.

हा विषय आताच का हाती घेतला, याला कारणं आहेत. घराघरात एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर एसी आले. त्या प्रत्येकाच्या आत उच्च वेगानं उघड-बंद होणारा पुरवठा आहे, आणि मध्यमलहरी रेडिओवरची खरखर त्यामुळे वाढली. २०२४पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेनं छतांवर पॅनल चढत आहेत. ते मी मनापासून चांगलं मानतो, पण दुपारी त्याच तारेवर उलट वीज सोडली गेली की आसपासचं व्होल्टेज वर सरकतं. शेतीच्या फीडरला दिवसा सौर वीज देण्याच्या योजनेमुळे मोटरींची वेळही बदलते आहे. म्हणजे रात्री कमी, दिवसा ठीक हा आमचा जुना अंदाज आता चालणार नाही. लाइनीचं नवं वेळापत्रक प्रत्येक गावानं नव्यानं लिहून काढायला हवं.

दुसरीकडे रेकॉर्ड आणि व्हॉल्व्ह परत येत आहेत. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं जुन्या तबकड्यांची आस्था टिकवून ठेवली. आता तरुण मुलं आजोबांचा रेडिओग्राम दुरुस्त करायला आणतात. पन्नास वर्षं बंद पडलेल्या यंत्रातले कपॅसिटर सरळ २४५ व्होल्टवर लावले तर ते क्षणात जातात. डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज चढवत, मधे बल्ब जोडून, काही तासांत ते जागं करावं लागतं. आणि खानदेशचा उन्हाळा विसरून चालणार नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशाला साधारण निम्मं होतं. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या दुपारी बंद कपाटात ठेवलेल्या ॲम्प्लिफायरला १० टक्के जादा व्होल्टेजही नको असतं. हवा खेळती ठेवणं हा खर्चाविना मिळणारा उपाय आहे.

या पुस्तकात कुठल्या कंपनीचा कोणता डबा घ्या, हे सांगितलेलं नाही. किमती आणि मॉडेल वर्षभरात शिळी होतात. पुस्तकाचा प्रयत्न क्रम लावून देण्याचा आहे. आधी लाइन ओळखायची: आठवडाभर सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मध्यरात्री व्होल्टेज लिहायचं, शेजारची मोटर केव्हा चालू होते ते टिपायचं. मग ऐकायचं: हा ५० हर्ट्झचा घुंकार आहे, १००ची भणभण आहे, की पंख्याच्या रेग्युलेटरची करकर? दुखणं ठरल्याशिवाय उपाय विकत घेऊ नये. त्यानंतर आपल्याकडचं उपकरण कोणत्या जातीचं आहे ते पाहायचं, कारण ‘१००–२४०’ लिहिलेल्या आधुनिक यंत्राला कमी व्होल्टेजचा फारसा त्रास नसतो आणि त्याच्यासाठी सर्व्हो घेणं म्हणजे उधळपट्टी. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, जुना डेक, जड ट्रान्सफॉर्मरची यंत्रं यांना मात्र नियमन लागतंच. क्षमतेचे हिशेब उदाहरणांसह दिले आहेत. ५० वॉटच्या दोन चॅनेलच्या ॲम्प्लिफायरला ५०० व्हीएचा स्टेबिलायझर कागदावर पुरतो आणि ऐकताना दमतो, याचं कारण त्यात सापडेल.

शास्त्र शिकलेल्यांना काही ठिकाणी विवेचन फार पायरीपायरीनं वाटेल. ते वायरमन, साऊंडवाले, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक आणि गाण्याच्या वेडानं झपाटलेला पण सोल्डरिंग कधी न केलेला श्रोता डोळ्यांसमोर ठेवून केलं आहे. बोर्ड उघडायचं प्रत्येक काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या; डीपी आणि खांबाला तर हात लावायचाच नाही, तिथं महावितरणकडे लेखी तक्रार द्यायची. तक्रारीत व्होल्टेजच्या तारीखवार नोंदी जोडल्या की तिचं वजन वाढतं.

हाताशी पैसे थोडेच असतील तर क्रम असा ठेवा: मृगाच्या आधी मीटरपाशी न्यूट्रलचा जोड घट्ट करून घ्या, अर्थिंग मोजून घ्या, आरसीसीबी आणि व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. स्टेबिलायझर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.